खुबा, गुडघा आणि बिनलेबलची पुडी

माझ्या उजव्या खुब्याचा सांधा बदलून आता पाच महिने झाले. भेटायला येणारे विचारतात, दुखतं का? दुखत नाही. ऑपरेशन चांगलं झालं, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. ज्यांचा खुबा गेला आहे आणि जे ऑपरेशनच्या टेबलाच्या भीतीने दिवस ढकलत आहेत, त्यांनी यातून एवढंच उचललं तरी पुष्कळ झालं. पण मला सांगायचं आहे ते एका पुडीबद्दल. ती मी तीन वर्षं खाल्ली, आणि माझ्या हाताने माझ्या नणंदेलाही दिली.

मी इंदूरच्या एका शाळेत तीस वर्षं केमिस्ट्री शिकवली. प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी माझा एकच नियम असायचा. ज्या बाटलीवर लेबल नाही, तिला हात लावायचा नाही. वास घ्यायचा नाही, चव तर लांबच. एकदा एका मुलीने अशा बाटलीचं बूच उघडून नाकाला लावलं, तर मी तिला अख्खा तास दाराबाहेर उभं केलं होतं. तिच्या वाचनात हे आलं तर तिने पोट धरून हसावं. तिचा तो हक्कच आहे.

आमच्याकडे जांघ दुखत नाही

आमचं घर 'जुनी इंदूर' या भागात, दुसऱ्या मजल्यावर. जिना अरुंद आणि पायऱ्या उंच. साधारण साडेचार वर्षांपूर्वी तो जिना चढताना उजवा गुडघा दुखायला लागला. खरं सांगायचं तर गुडघा कमी आणि जांघ जास्त दुखत होती, आतून, खोल. पण जांघ हा शब्द आमच्या घरातल्या बायका मोठ्याने उच्चारत नाहीत. सासूबाईंच्या काळापासून आमच्याकडे पोटाच्या खाली एकदम गुडघाच येतो. म्हणून मीही सगळ्यांना गुडघाच सांगितला. नवऱ्याला, शाळेतल्या मैत्रिणींना आणि पहिल्या डॉक्टरांनासुद्धा.

त्यांनी गुडघ्याचा फोटो काढला. त्यात फारसं काही निघालं नाही. मग तेल झालं, पट्टा झाला, शेक झाला. दुखणं वर आणि इलाज खाली, असं वर्षभर चाललं. नंतर मी खुब्याबद्दल पुष्कळ वाचलं. खुब्याची कळ गुडघ्यात उतरते, आणि माणसं गुडघाच चोळत बसतात. तुमच्या गुडघ्याच्या फोटोत काही नसेल आणि तरी दुखत असेल, तर लाज गुंडाळून ठेवा आणि नेमकं कुठे दुखतं ते बोट ठेवून दाखवा.

मी दाखवलं नाही. मी पुडी घेतली.

इंदूरबाहेर, राऊ गावाच्या पुढे, महूच्या रस्त्यावर एक गृहस्थ दर गुरुवारी बसायचे. नाव सांगत नाही. सगळे त्यांना वैद्यजी म्हणायचे. वर्तमानपत्राच्या चौकोनी तुकड्यांत पांढरट भुकटी बांधून द्यायचे. सकाळ-संध्याकाळ एकेक, कोमट दुधातून. आत काय आहे असं मी विचारलं, तेव्हा म्हणाले, जडीबुटी है बहनजी. तिसऱ्या दिवशी मी कठडा न धरता जिना चढले. जाडजूड पुस्तकं वाचलेली बाई मी, पण त्या दिवशी नियमबियम सगळा विसरले.

भूक वाढली. गाल भरले. भजनी मंडळातल्या बायका म्हणाल्या, तब्येत छान झाली हो तुमची. मलाही आरशात तसंच वाटायचं.

शैला

माझी नणंद शैला माझ्याहून आठ वर्षांनी लहान. तिचा नवरा अचानक गेला, तेव्हापासून ती राऊला कॉलेजच्या मुलामुलींचे डबे करते. पहाटे उठून कणीक मळायची, मग दुपारपर्यंत शेगडीपाशी उभं राहायचं. तिची मुलगी अजून शिकते आहे. म्हणजे घर चालतं ते शैलाच्या दोन हातांवर आणि दोन पायांवर.

दोन वर्षांपूर्वी तिचं मनगट आणि बोटं सुजायला लागली. मी तिला माझ्यातल्या दहा पुड्या दिल्या. तिने एक उघडून वास घेतला आणि परत मिटली.

"वहिनी, ह्यात काय आहे काय मालूम," ती म्हणाली. "असं बिना-पूछे कसं खायचं?"

"मी तीस वर्षं केमिस्ट्री शिकवते, शैलू. मी खाते म्हणजे बघूनच खात असेन ना?"

हे वाक्य मी हसत हसत म्हटलं होतं. तिला लगेच पटलं, आणि पुढे दर गुरुवारी ती स्वतःच आणायला लागली. आमच्या घरात विज्ञानातलं काही अडलं की माझाच शब्द शेवटचा, आणि त्याचा मला थोडा माजही होता.

निदानाचा दिवस

एका सकाळी ओट्यापाशी वळले आणि पाय खाली मुडपला. पडले नाही, ओटा धरला, पण पाऊल पुढे टाकता येईना. ह्यांनी आणि शेजारच्यांनी मला खुर्चीत बसवून तो जिना उतरवला.

हाडांच्या डॉक्टरांनी आधी गुडघा वाकवून पाहिला. तो सहज वाकला. मग मला आडवं करून त्यांनी पाय नुसता आतल्या बाजूला वळवला, आणि माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो बाहेरच्या रांगेतल्या लोकांनी ऐकला. फोटो आला. डॉक्टरांनी तो उजेडावर धरला.

"मॅडम, घुटना बिलकुल ठीक है. दिक्कत ऊपर है."

मांडीच्या हाडाचं वरचं टोक गोल असतं, चेंडूसारखं. माझा चेंडू एका बाजूने बसला होता. त्या हाडाला रक्त पोचणं कधीतरी बंद झालं, हाड आतून मेलं, आणि वजनाखाली दबलं. हे एका दिवसात होत नाही, डॉक्टर म्हणाले. आता सांधा बदलण्याखेरीज दुसरा मार्ग नाही; पहले आ जाते तो और रास्ते थे. मग एमआरआय झाला. डावी बाजू सध्या ठीक निघाली. ते 'फिलहाल' म्हणाले, तो शब्द मला आवडला नाही.

मग त्यांनी विचारलं, कभी स्टेरॉइड लिया है? कोई देसी दवाई, पुडिया?

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, नहीं नहीं डॉक्टरसाहब, ये तो खुद केमिस्ट्री की टीचर हैं. ह्यांना वैद्यजींचं माहीत होतं, पण ह्यांच्या लेखी ते औषध नव्हतंच, चूर्ण होतं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नाही म्हटलं.

ते नाही म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर शैलाचा चेहरा होता. तिचेही गाल वर्षभरात भरले होते. मंडळातल्या बायका तिलाही म्हणाल्या होत्या, तब्येत सुधारली हो.

बावीस दिवस

ऑपरेशनसाठी भरती व्हायची तारीख बावीस दिवसांनी मिळाली. घरी आल्या आल्या मी भिंत धरत जाऊन उरलेल्या पुड्या मोरीत ओतल्या. वाटलं, संपला विषय. तिसऱ्या दिवशी मला अंथरुणातून उठवेना. मळमळ, घाम, अंगात जीव म्हणून नाही. हे म्हणाले, भीतीने होतंय. मला तेवढा भाबडेपणा परवडणारा नव्हता. मसाल्याच्या डब्यामागे एक जुडी राहिली होती, कशीबशी तिथवर गेले आणि त्यातली एक दुधातून घेतली. संध्याकाळपर्यंत मी उठून बसले, आणि पुढचे दिवस तीच जुडी पुरवली.

त्या संध्याकाळी मला पूर्ण कळलं, पुडीत स्टेरॉइडच होतं. जडीबुटी अशी गचांडी धरत नाही.

आणि मी शैलाला सांगितलं नाही. याला कारणं पुष्कळ देता येतात, मी स्वतःला रोज एक नवं देत होते. फोनवर सांगितलं तर ती एकदम बंद करेल आणि माझ्यासारखी आडवी होईल. ती घाबरेल. आधी माझं ऑपरेशन होऊ दे, मग शांतपणे बसून सांगू. यातलं एकही कारण खोटं नव्हतं आणि एकही खरं नव्हतं. खरं कारण एवढंच, की ते माझं वाक्य तिला आठवलं असतं.

त्या दिवसांत ती दोनदा आली. दोन्ही वेळा माझ्यासाठी मऊ भाकरी आणि दुधीची भाजी घेऊन, दोन मजले चढून. दुसऱ्या वेळी तिने बाही वर करून दंड दाखवला. जांभळा डाग होता, तळहाताएवढा.

"बघ ना वहिनी, जरासं काही लागलं की निळं पडतं."

असेच डाग माझ्या हातांवर होते, लांब बाह्यांखाली झाकलेले. मी म्हटलं, "लोह कमी असेल, पालक खा."

ती बरं म्हणाली. डब्यांची वेळ झाली होती, म्हणून लगेच निघाली. मी खिडकीतून तिला गल्लीच्या वळणापर्यंत चालताना पाहत राहिले. चाल सरळ होती. मला तेवढ्याने बरं वाटलं, याची आज शरम वाटते.

हॉस्पिटल

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भरती झाले. तिथे सकाळ सहाला होते. चादर बदलायची, बीपी, थर्मामीटर, मग कोणीतरी येऊन तोच पाय आहे ना विचारून त्यावर निळ्या पेनाने खूण करून जातं. माझ्या पायावर तीन जणांनी तीन खुणा केल्या. शेजारच्या पलंगावरच्या माळव्यातल्या एका खेड्यातल्या आजी दुसरा खुबा बदलायला आल्या होत्या. पहिला बदलल्यावर शेतातल्या घरापर्यंत चालत गेले, असं त्या मला सांगायच्या. त्यांच्याइतका धीर मला तिथे कोणी दिला नाही.

दुपारी भूल देणाऱ्या डॉक्टर आल्या. तरुण, नुकत्याच महाराष्ट्रातून इथे नोकरीला आलेल्या. फाइल चाळता चाळता त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. मग माझी बाही वर केली. ह्यांना त्यांनी खालून जुने रिपोर्ट आणायला पाठवलं, आणि दार लोटून घेतलं.

"काकू, उद्या टेबलावर तुमचं बीपी अचानक पडलं, तर ते का पडलं हे मला आधी माहीत असायला हवं. नाहीतर तुम्ही माझ्या हातून जाल. काय घेता तुम्ही?"

मी सांगितलं. जिभेवर इतके दिवस धरलेलं ते दोन मिनिटांत संपलं. त्या रागावल्या नाहीत. लिहून घेतलं, उद्या त्याचं वेगळं इंजेक्शन द्यावं लागेल, फिजिशियनना आत्ताच बोलावते, म्हणाल्या. उठता उठता त्यांनी विचारलं, "घरात अजून कोणी घेतं का?"

त्याच वेळी दारावर टकटक झाली आणि शैला आत आली. एका हातात डबा, खांद्याला पिशवी. डॉक्टर आहेत बघून ती बाजूला थांबली. मग हळूच रुमालाची गाठ सोडून तिने माझ्या उशीपाशी एक जुडी ठेवली.

"तुझ्या संपल्या असतील म्हणून गुरुवारी तुझ्या पण घेऊन आले," ती म्हणाली. "लाइन इतकी लंबी होती ना."

डॉक्टरांनी जुडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सांगणं माझंच काम होतं.

मी शैलाला सांगितलं. माझा खुबा कशाने गेला ते, आणि पुडीत काय असणार ते. ती स्टुलावर बसली. डॉक्टरांनी तिला समजावलं, की आज लगेच बंद करायचं नाही, आमच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायचं, आणि याच आठवड्यात एमआरआय करायचा. शैला सगळ्याला मान हलवत होती. मग तिने मला विचारलं, "तुला कधीपासून माहीत आहे?"

"तपासायला आले त्या दिवसापासून."

"म्हणजे बावीस दिवस." तिने बोटांवर हिशेब केला. "चव्वेचाळीस पुड्या खाल्ल्या मी, वहिनी."

ती उठली, डबा उघडला, ताटलीत भाजी आणि भात वाढला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"जेव," ती म्हणाली. "उद्या उपाशी राहायचंय."

ती मला ओरडली असती तर सोसलं असतं. तो भात मी एकेक घास करून संपवला, ती समोर उभी होती म्हणून.

नंतर

कमरेतून भूल दिली होती, त्यामुळे आवाज सगळे ऐकू येत होते. सुतारकामाचे आवाज असतात ते, आणि सुतारकाम आपल्यावरच चाललेलं असतं. बीपी एकदा पडलं. भूल देणाऱ्या त्या मुलीला कारण माहीत होतं, म्हणून मी आज हे लिहिते आहे. दुसऱ्या दिवशी मला वॉकर धरून उभं केलं. जखम दुखत होती, पण ती खोल, कुरतडणारी कळ नव्हती. ती कायमची गेली होती आणि मी वॉकरवर डोकं टेकून रडले.

घरी खुर्ची उंच केली, दोन पायांमध्ये उशी, मांडी घालायची नाही, खाली वाकायचं नाही. मोजे घालून द्यायचं काम ह्यांच्याकडे आलं. हे रोज सकाळी माझ्या पायाशी बसायचे, मोजा चढवायचे आणि उठून जायचे. महिन्याने एकदा म्हणाले, "तू खाल्लंस त्याचं मला काही नाही. डॉक्टरांपुढे माझ्या तोंडून खोटं वदवलंस."

खुबा कधी बदलावा, असं लोक मला विचारतात. मी डॉक्टर नाही. पण स्वतःचा मोजा घालता येत नसेल, पायाची नखं दुसऱ्याने कापावी लागत असतील, त्या कुशीवर झोप लागत नसेल, रोज चालायचं अंतर कमी कमी होत असेल आणि गोळीचा गुण येईनासा झाला असेल, तर तारीख पुढे ढकलू नका. लग्न, परीक्षा, दिवाळी सगळं नव्या सांध्यावरही होतं. आणि गोळीने, चूर्णाने एकदम चमत्कार झाला, तर देवाला नारळ फोडण्याआधी आत काय आहे ते तपासून घ्या. डॉक्टरांना सगळं सांगा. आपण काय खातो ते लपवून आपण फक्त स्वतःलाच फसवतो असं मला वाटायचं, पण तसं नसतं.

शैलाचा एमआरआय झाला. डावी बाजू स्वच्छ. उजवीकडे हाडात एक छोटा डाग निघाला. हाड अजून गोल आहे, बसलेलं नाही. टिकेलही, किंवा बसेलही, डॉक्टर म्हणाले. पुडी टप्प्याटप्प्याने सुटली, उभं राहणं कमी करायचं, आणि चाल बदलली की लगेच यायचं. तिने त्यांना सरळ विचारलं, बावीस दिन पहले आती तो कुछ फर्क पडता? डॉक्टर म्हणाले, ये कोई नहीं बता सकता. मी तिच्या शेजारी उभी होते, काठी धरून.

आता डब्याची अर्धी पोरं तिने दुसरीकडे वळवली आहेत, आणि कणीक बसून मळते. दर रविवारी सकाळी ती आमच्याकडे येते आणि आम्ही दोघी जवळच्या बागेत फेऱ्या मारतो. माझ्या व्यायामासाठी, असं आम्ही सांगतो. ती पुढे चालते, मी मागून. खुबा बसायला लागला की माणूस त्या बाजूला झुकतो, खांदा खाली येतो. स्वतःला ते कळत नाही, मागच्याला दिसतं. पहिल्याच रविवारी तिने मला बजावलं होतं, "एकच कर वहिनी. दिसलं की त्याच दिवशी सांगायचं."

प्रत्येक फेरीच्या शेवटी ती मागे न बघता विचारते, सांग. आणि मी म्हणते, सरळ आहे. गेले तीन महिने मी हेच म्हटलं, आणि ते खरं होतं.

परवाच्या रविवारी तिसऱ्या फेरीत तिचा खांदा किंचित खाली गेला. मला वाटलं, वाटेत खडा असेल. पुढच्या पावलाला पुन्हा गेला. मग मी मोजून पाच पावलं पाहिली, पाचही वेळा तसंच. फेरी संपायला अजून बराच वेळ होता, तिने अजून विचारलंही नव्हतं, आणि कारणं माझ्या मनात लगेच रांग लावून उभी राहिली होती. दमली असेल. चप्पल झिजली असेल. पुढच्या रविवारी एकदा बघू आणि मग सांगू.

"शैलू," मी हाक मारली.

ती थांबली. वळली नाही.

"उजवा?" तिने विचारलं.

"हो," मी म्हटलं.